पाळी जाण्याचे वय



पाळी जाण्याविषयी एका पुरुषाने, त्यातून कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण विडी कामगार स्त्रियांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी सुपातल्या विड्या कमी भरतात. तेव्हा हा प्रश्न मजुरीचाही आहे.

साधारणतः चाळिशी ओलांडल्यावर बीजकोशांतील स्राव कमी-अधिक होऊ लागतात. पाळी कधी लवकर येते, कधी दोन-दोन महिने चुकते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, सांधे दुखतात, चिडचिड होते. हे काही वर्षे चालते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली. तोवर दिवस राहू शकतात. हा रोग नव्हे. पण म्हणून मुकाट्याने सोसावे असेही नव्हे.

हे न समजल्याने काय घडते? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने चौकशी केली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि कर्करोगाची भीती घातली की बाई शस्त्रक्रियेला तयार होते. आपल्या पाथर्डीकडूनही दरसाल कोयते ऊसतोडीला जातात, म्हणून हे आपल्या घरचेच दुःख आहे.

काही रोगांत पिशवी काढावीच लागते. परंतु तिच्याबरोबर बीजकोशही गेले, तर वर्षांनी होणारा पालट एकदम कोसळतो; हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग डॉक्टरकडे केव्हा जावे? रक्तस्राव इतका की तासातासाला घडी बदलावी लागते. दोन पाळ्यांमध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाते. चाळिशीच्या आत पाळी बंद होते. मन उदास होऊन जगणे नकोसे वाटते, तेव्हा थांबू नये. पाळी गेल्यावर वर्षाने थेंबभर रक्त दिसले तरी ताबडतोब तपासून घ्यावे. वाफा व निद्रानाश यांवरही औषधे आहेत.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. दुसरा उपाय आहे काय आणि बीजकोश राहणार काय, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि बंधूंनो, त्या दिवशी आपला खाडा पडला तरी चालेल, पण तिच्याबरोबर जावे.