टर्बोच्या पिकअपचा अडकलेला पाईप कसा सोडवायचा?

आज आपण गाडीच्या पोटाखाली डोकावणार आहोत. गाडीचं काम आपलं नाही, असं कुणी म्हणेल. पण हिवाळ्यात आपली स्ट्रॉबेरी आणि उन्हाळ्यात आपला आंबा ज्या पिकअपमध्ये बोरगाव, वणी, दिंडोरीमार्गे नाशिकला जातो, ती गाडी गॅरेजला अडकली तर नुकसान कुणाचं? आपलंच. स्ट्रॉबेरी काही गाडीसाठी थांबत नाही. आणि गाडी गटाची असेल, तर दुरुस्तीचं बिलही आपल्याच बचतीतून जातं. म्हणून हे काम कसं होतं, ते आपल्याला कळायला हवं.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन छोट्या भिंगऱ्या बसवल्या आहेत असं समजा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक भिंगरी फिरवतो. दांडा एकच असल्यामुळे दुसरीही फिरते आणि बाहेरची हवा जोराने इंजिनात ढकलते. हवा जास्त मिळाली की डिझेल चांगलं जळतं आणि भरलेली गाडी घाट चढते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याचं पेटंट 1905 सालचं आहे. या भिंगऱ्या मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात. म्हणून टर्बोजवळचं काम दांडगाईने करायचं नसतं.

टर्बोतून निघालेला धूर एका पाईपातून सायलेन्सरकडे जातो. हा पाईप टर्बोला नट-बोल्टने आवळलेला असतो, मध्ये एक पॅकिंग असतं. आपल्याला काढायचा असतो तो हाच पाईप, आणि बहुतेक वेळा अडकतो तोही हाच.

तो अडकतो का? एक कारण पाणी. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. चिखल आणि पाणी खालून उडतं आणि लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून नट आणि बोल्टच्या आट्यांत तो पाचरीसारखा बसतो. दुसरं कारण आच. घाट चढताना हा भाग काहीशे अंश तापतो, मग थंड होतो, पुन्हा तापतो. अशी वर्षं गेली की नट जणू बोल्टचाच भाग होतो.

आता सोडवायचं कसं? पहिली गोष्ट, गाडी पूर्ण थंड होऊ द्या. घाट चढून आलेल्या गाडीचा पाईप तव्यापेक्षा जास्त तापलेला असतो. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, बॅटरीची तार काढा. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली शिरायचं नाही. जॅक सरकतो. खाली भक्कम घोडी लावलीच पाहिजे. पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

दुसरी गोष्ट, तारेच्या ब्रशने नट-बोल्टचे आटे घासून स्वच्छ करा. मग गंज सोडवणारं तेल मारा. गॅरेजवाले त्याला रस्ट स्प्रे म्हणतात. मारलं आणि लगेच पाना लावला, असं करू नका. संध्याकाळी मारा, रात्री पुन्हा मारा, सकाळी काम करा. तेलाला आट्यांत उतरायला वेळ लागतो. ही एक रात्र थांबली तर पुष्कळदा पुढचा खर्च वाचतो.

तिसरी गोष्ट, पाना नेमक्या मापाचा हवा, आणि शक्यतो सहा कोनांचा. सैल पान्याने नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. नट आधी किंचित आवळा, मग सोडा. पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. अशा मागे-पुढे हालचालीने गंज चुरडतो. एकदम जोर लावला तर बोल्ट तुटतो. तुटलेला तुकडा टर्बोत राहिला तर तो ड्रिलने काढावा लागतो आणि बिल वाढतं.

तरीही सुटला नाही तर आच द्यायची. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण गरम पाण्यात धरतो, तसंच हे आहे. नट तापला की फुगतो आणि पकड ढिली होते. पण हे काम जाणत्या मेकॅनिकनेच करावं. आधी मारलेलं तेल पुसून घ्यायचं, कारण ते पेट घेतं. जवळच्या डिझेलच्या नळ्या, ब्रेकची नळी आणि वायरी झाकायच्या. वाळू हाताशी ठेवायची.

नट निघाले तरी पाईप हलत नाही, असंही होतं. अशा वेळी काही जण घणाने ठोकतात. ते करू देऊ नका. टर्बोचं घर बिडाचं असतं, बीड तडकतं. पाईपाला खालून आधार द्या आणि जोडाच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला हलक्या हाताने टपली मारा.

पुढे जिथे एक पाईप दुसऱ्यात घुसवलेला असतो, तिथे दोन पेले एकात एक अडकल्यासारखं होतं. क्लॅम्प काढायचा, बाहेरचा पाईप तापवायचा आणि डावीकडे-उजवीकडे पिळत ओढायचा. बाहेरचा पाईप बदलायचाच असेल तर तो लांबीत चिरून छिन्नीने उघडता येतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत मात्र पाईपावर सेन्सर आणि धूर गाळणारे महाग भाग असतात. तिथे कापाकापी करण्याआधी माहितगाराला विचारा, आणि सेन्सर आधी काढून घ्या.

पाईप निघाला की टर्बोच्या तोंडाला लगेच स्वच्छ फडकं लावा. गंजाचा एक खडा किंवा एखादा नट आत गेला तर भिंगरीची पाती मोडतात. गाडी चालू करण्याआधी ते फडकं आठवणीने काढा. बसवताना जुनं पॅकिंग पुन्हा वापरू नका. नट नवे घ्या, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. पुढच्या वेळी ते सहज सुटतील.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाईप फुटलेला किंवा जोड ढिला असेल तर धूर केबिनमध्ये येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. कोंडलेल्या खोलीत शेगडी ठेवली की जीव जातो, तो याच वायूने. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. प्रवासात असं कुणाला वाटलं तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, आणि गरज पडली तर 108 ला फोन करा. दुरुस्तीनंतरही गाडी बंद शेडमध्ये चालू करून पाहू नका. उघड्यावर चालू करा आणि जोडातून फुस्स आवाज येतो का ते ऐका. काही दिवसांनी गाडी थंड असताना जोडापाशी काजळीची रेघ दिसते का, तेही पाहा. दिसली तर तिथून धूर गळतोय.

मैत्रिणींनो, गॅरेजला जाताना तीन प्रश्न लक्षात ठेवा. तेल मारून किती वेळ ठेवलं? बोल्ट तुटला का? पॅकिंग नवं टाकलं का? आणि काढलेले जुने भाग परत मागा. ते हातात घेऊन पाहिले की बिलातली कुठली ओळ खरी, हे कळतं.

चालकदादांनाही एक गोष्ट सांगा. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नये, एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवावं. तेवढ्या वेळात तेल फिरून टर्बो निवतो आणि जास्त दिवस टिकतो.

येत्या बैठकीत गाडीच्या खर्चाचा विषय निघाला की हे बोलून पाहा. आणि पावसाळा संपला की, फळांची घाई सुरू होण्याआधी, गाडीखाली एकदा नजर टाकायला विसरू नका. नमस्कार.