अल्पव्ययी दूरध्वनी

खोडाळ्याच्या डोंगरांत पावसाळी रात्री वसतिगृहातील एखाद्या मुलास ताप भरला, तर अधीक्षकांस बोलाविण्यासाठी विजेरी घेऊन धावावे लागते. डोंगराच्या आडोशास भ्रमणध्वनीच्या लहरी क्षीण होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. या अडचणीवर थोडक्या खर्चाचा एक उपाय आहे.

सन १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर नामक तरुणास आपल्या लहानशा व्यवसायासाठी टेलिफोन एक्स्चेंज हवे होते. परंतु ते विकत घेण्याइतके द्रव्य नव्हते. तेव्हा त्याने साध्या संगणकालाच ते काम शिकविले. ‘ॲस्टरिस्क’ ही त्याची आज्ञावली कोणासही विनामूल्य घेता येते, आणि तपासून सुधारताही येते.

आता आवाज कसा जातो ते पाहू. बोलणाऱ्याचा आवाज दर सेकंदास ८००० वेळा मोजून त्याचे अंक केले जातात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंक एकेका पुडक्यात बांधून धाडतात. पलीकडे पुडकी सोडली की पुन्हा आवाज होतो. घंटा कोठे वाजवावी व संभाषण केव्हा संपले, हे ‘सिप’ या सर्वमान्य संकेताने कळते. बाबेल येथे भाषा निरनिराळ्या होताच बांधकाम थांबले. येथे भाषा एक, म्हणून निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतात.

साहित्य थोडेच लागते: तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ संगणक, एक वायफाय राउटर आणि घरी पडून असलेले जुने स्मार्टफोन. संगणकावर लिनक्स व ॲस्टरिस्क बसवावे. प्रत्येक फोनास एक क्रमांक व एक कठीण परवलीचा शब्द नेमून द्यावा, आणि फोनवरील ‘लिनफोन’मध्ये तीच माहिती भरावी. मग वसतिगृहातून १०१ लावताच अधीक्षकांकडे घंटा वाजेल. आवारातल्या आवारात बोलण्यास बाहेरचे इंटरनेट लागत नाही. बॅटरीचा आधार दिल्यास वीज गेली तरी काम अडत नाही.

मोखाडा वा जव्हार येथे बोलावयाचे, तर मात्र इंटरनेट हवेच. आपल्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाद्वारे दूरदर्शनच्या मोकळ्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही यंत्रणा सार्वजनिक टेलिफोनास परस्पर जोडणे बेकायदेशीर आहे, ते काम परवानाधारक कंपनीमार्फतच व्हावे. यास्तव रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकासाठी या फोनवर विसंबू नये. अधीक्षकांस जागे करण्यापुरते याचे काम. पुढची धाव त्यांची. परंतु आजारी मुलाजवळच्या सोबत्यास अंधारात एकट्याने बाहेर पडावे लागले नाही, तर तेवढ्यानेही आपले श्रम सार्थकी लागतील.