सही कोणी करावयाची?

“फादर, बाबांना काही सांगू नका. नुसती प्रार्थना करा आणि या.” रुग्णालयाच्या जिन्यात हे शब्द ऐकले नाहीत असा धर्मगुरू विरळाच. मुलाचा हेतू वाईट नसतो. वडिलांनी धास्ती घेऊ नये एवढेच त्याला वाटते. आत खाटेवर वडील मात्र आढ्याकडे पाहत, आपल्यापासून काय लपविले जात आहे याचा अंदाज बांधीत असतात, आणि त्यांनी मनात रचलेले बहुधा खऱ्याहून भयंकर असते.

कांजूरमार्गसारख्या उपनगरात घरातील वृद्धाचे आजारपण म्हणजे आधी प्रवास आणि रांगा. घाटकोपरचे राजावाडी, तेथून पुढे शीव, किंवा परळचे १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम.; ज्यांना परवडते ते पवई-मुलुंडच्या खाजगी रुग्णालयांत जातात. केसपेपर, रक्ताच्या तपासण्या, पुढची तारीख या धावपळीत सर्व बोलणे डॉक्टर आणि मुलगा यांच्यात होऊ लागते. ज्याचा आजार, तो चाकाच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो.

हृदयाच्या तपासणीत हे सर्वांत ठळकपणे दिसते. अँजिओग्राफीत मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तीतून रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने रक्तवाहिन्यांचे चित्र घेतात. त्यासाठी सहसा नळी घालण्याची जागाच तेवढी बधिर करतात; रुग्ण जागा असतो. अडथळा आढळला तर पुष्कळदा त्याच बैठकीत फुगा फुगवून स्टेंट बसविता येतो. मग डॉक्टर बाहेर येतात, मुलाला बोलावतात आणि विचारतात, “दोन ठिकाणी ब्लॉक आहे. स्टेंट टाकायचा का?” मुलगा घामाघूम होऊन सही करतो. आणि ज्यांच्या हृदयात तो स्टेंट जावयाचा आहे ते वडील भिंतीपलीकडे जागे असतात!

या प्रसंगाशी जवळचे नाते असलेला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा असा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा तो खटला, निकाल १६ जानेवारी २००८ चा. १९९५ साली दिल्लीत एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीची दुर्बिणीतून तपासणी चालू होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही. जीव वाचविण्यासाठी तत्काळ काही करणे भाग असेल तेवढाच अपवाद. तसेच उपचार कोणता, कशासाठी, धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे. नुकसानभरपाई अवघी २५,००० रुपयांची होती. त्या रकमेबद्दल काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे, परंतु तत्त्व मोठे आहे. त्या खटल्यात संमती मुलीसाठी आईने दिली होती. आपल्या घरांत ती बापासाठी मुलगा देतो, एवढाच फरक.

म्हणून खरे काम आदल्या संध्याकाळी करावयाचे असते. डॉक्टर फेरीला येतील तेव्हा वडिलांच्या समोर, वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे: “अडथळा निघाला तर लगेच स्टेंट टाकणार का? नाही टाकला तर चालेल का? बायपास लागेल असे दिसले तर थांबाल ना?” कांजूर-भांडुपच्या गावठाणांतील जुनी ईस्ट इंडियन माणसे आपल्या बोलीतच मोकळी होतात, आणि सिस्टर बऱ्याचदा केरळच्या असतात. तेथे मुलाने दुभाषा व्हावे; मात्र प्रश्न आणि उत्तर दोन्ही पुरते पोहोचवावे, गाळून नव्हे. उत्तर वडिलांनी द्यावे. ते “तू म्हणशील तसे” म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय झाला.

पैशाची गोष्टही लपवू नये. खर्चाच्या भीतीने “मला काही होत नाही” म्हणणारे वडील पुष्कळ. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली. त्यापूर्वी तो लाखाच्या वर जाई. तेव्हापासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. महात्मा जोतिराव फुले योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटावे.

त्याच संध्याकाळी धर्मगुरूंनाही बोलवावे. तैलाभ्यंग म्हणजे शेवट, ही समजूत अजून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले आहे की हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. गंभीर आजारासाठी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर ती होण्यापूर्वीही तो घेता येतो. वडिलांना तो हवा की नको, हेही त्यांनाच विचारावे.

उपाशी राहण्याची वेळ रुग्णालय सांगेल ती काटेकोर पाळावी. घोटभर दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, हे आईला आवर्जून सांगावे लागते. चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा, मूळ पाकिटांसह न्यावीत; रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

खुब्याचे हाड किंवा बायपास अशी मोठी शस्त्रक्रिया असेल तर आणखी एका गोष्टीची तयारी हवी. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शहाणीसुरती आई एकाएकी असंबद्ध बोलू लागते, सलाईन उपटते, मुलाला ओळखत नाही. घरचे हादरतात, कोणी “वेड लागले” म्हणतो, कोणी रागावतो. वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर येणारा हा बुद्धिभ्रम नेहमीचा आहे आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो. परंतु त्यामागे जंतुसंसर्ग, वेदना किंवा एखादे औषध असू शकते, म्हणून सिस्टरना त्याच क्षणी सांगावे. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी पिशवीत ठेवून देतात व तेथेच विसरतात. त्या वस्तू परवानगी मिळताच परत द्याव्यात. समोर घड्याळ असावे, दिवसा पडदा उघडा असावा आणि ओळखीचा चेहरा जवळ असावा. वाद घालू नये. “आई, आपण हॉस्पिटलात आहोत, आज मंगळवार आहे,” एवढे पुनःपुन्हा शांतपणे सांगावे.

स्टेंट बसला असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने चालतात. दात काढावयाचा म्हणून त्या परस्पर बंद केल्यास स्टेंट बुजण्याचा धोका असतो. मुलगा कामावर गेल्यावर दंतवैद्याकडे वडील एकटेच जाणार आहेत. तेव्हा त्या गोळ्यांची नावे त्यांना स्वतःला ठाऊक असावीत, आणि डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असावी.