लंबी रोटीची कणीक : साधनाचं काम किती, हाताचं किती?



लग्नसराईत लंबी रोटीच्या ऑर्डरी आल्या की आपल्या नागपूरकडच्या गटांत आनंद होतो आणि खांदेही भरून येतात. उलट्या मडक्यावर रोटी टाकताना सगळे कौतुकाने बघतात. त्याआधी सैल कणीक उचलून-आपटून तिंबावी लागते, ते कष्ट कुणाला दिसत नाहीत. वयस्क ताया तिथेच थकतात आणि काम सोडतात. म्हणून आम्ही गटात एक हातसाधन वापरून पाहिलं.

लाकडी दांडा आणि टोकाला जाड तारेची वेटोळी, एवढंच ते. त्याला डॅनिश डो व्हिस्क म्हणतात. पावाची कणीक कालवायला ते वापरतात. अंडी फेटायच्या जाळीत कणीक अडकून बसते. यात तारा मोजक्याच, म्हणून अडकत नाही.

पीठ-पाणी त्याने छान एकजीव होतं, कोरडं पीठ तळाशी राहत नाही, हात बरबटत नाहीत. पण कणीक दोरीसारखी लांबत नाही. असं का?

गव्हाच्या पिठातली प्रथिनं पाण्यात भिजली की त्यांचं चिवट जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. त्या जाळ्यामुळेच रोटी हातावर पसरते आणि फाटत नाही. तिंबल्याने ते बळकट होतं, पण नुसतं भिजत ठेवल्यानेही ते जुळू लागतं. फ्रान्समध्ये रेमों काल्व्हेल यांनी १९७० च्या दशकात पावासाठी हीच रीत सांगितली : आधी पीठ-पाणी कालवा, थांबा, मग मळा.

म्हणून आम्ही असं करतो : साधनाने कणीक कालवायची, मीठ न घालता अर्धा तास झाकून ठेवायची, मग मीठ घालून हाताने तिंबायची. मिठाने कणीक घट्ट होते, म्हणून ते नंतर. शेवटचं तिंबणं हातानेच, पण ते कमी लागतं.

साधन लगेच गार पाण्यात धुवा. गरम पाण्याने पीठ शिजून तारांना चिकटतं.

विकत घेण्याआधी घरच्या लाकडी उलथन्याने कालवून, अर्धा तास थांबून बघा. थांबायला पैसे लागत नाहीत. पटलं तर गटात मिळून एकच घ्या. आणि एक ठरवून टाका : कष्ट कमी झाले म्हणून तिंबणाऱ्या ताईची मजुरी कमी करायची नाही. कणीक कधी झाली, हे अजूनही तिचाच हात सांगतो.