कच्चा रस्ता आणि जुनी स्पोर्ट्‌स मोटार

जुनी स्पोर्ट्‌स मोटार म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गुळगुळीत डांबरी सडक उभी राहते. लांब नाकाची, उघड्या टपाची, तारांच्या आऱ्यांच्या चाकांची ही बुटकी गाडी खांचखळग्यांच्या वाटेसाठीं जन्मलेलीच नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चांदूर बाजारच्या आसपासचा एखादा पांदण रस्ता आणि अशी मोटार ह्यांचा मेळ कोणी घालूं लागला, तर ऐकणारा बहुधा हंसेल. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. ह्या जातीच्या मोटारींचा उगम झाला त्या काळांत जगांतील बहुतेक रस्ते खडीचे, मुरुमाचे नाहीं तर निव्वळ मातीचेच होते. तेव्हां, अशी मोटार कच्च्या रस्त्यावर चालेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न नव्हे. ती कोणत्या जमिनीवर, कोणत्या ऋतूंत आणि कोणत्या हातानें चालवावी, हा खरा प्रश्न होय.

ह्याचा बोलका पुरावा महाराष्ट्रांतच आहे. 1908 सालीं मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. तिचें अंतर 620 मैलांचें होतें आणि वाटेंत सहा घाट चढावे लागत. डांबरी सडकेचा त्या काळीं मागमूस नव्हता; वाट बैलगाड्यांनीं तुडविलेली, खडीची आणि धुळीची होती. ह्या कसोटींत रोल्स-रॉईस कंपनीची सहा सिलिंडरांची ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची एक मोटार उतरली होती. ‘पर्ल ऑफ दि ईस्ट’ हें तिचें नांव. तिनें ती कसोटी जिंकली, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं ही चढाओढ वेगाची नव्हती. न अडतां व न मोडतां ठरलेला पल्ला गांठणें, हाच तिचा निकष होता. कच्च्या रस्त्यानें मोटारीला शिकविलेला पहिला धडा तो हाच.

पुढें रस्ते सुधारूं लागले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं 1927 सालीं एक समिति नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि 1929 सालीं मध्यवर्ती रस्ते-निधि अस्तित्वांत आला. डिसेंबर 1943 मध्यें देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद, मध्यप्रांत-वऱ्हाडची तेव्हांची राजधानी जें नागपूर तेथें भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी लावून तिनें वीस वर्षांची योजना आंखली. ह्या प्रतवारींत गांवरस्ता शेवटचा होता. 2000 सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें पुष्कळ गांवें पक्क्या रस्त्यांना जोडलीं. तथापि गांवापासून शेताकडे व संत्र्यांच्या बागांकडे जाणाऱ्या वाटा अद्यापि अनेक ठिकाणीं मातीच्याच आहेत.

इकडे रस्ता जसजसा गुळगुळीत झाला, तसतशी स्पोर्ट्‌स मोटार जमिनीच्या जवळ आली. भार जितका खालीं, तितकें वळण घेतांना गाडीचें कलणें कमी. म्हणून कारखानदारांनीं तिचा सांगाडा उत्तरोत्तर खालीं आणला. 1945 ते 1949 ह्या काळांत इंग्लंडांत तयार झालेली एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही मोटार उदाहरणादाखल घेण्यासारखी आहे. तिचें एंजिन 1250 घनसेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें 54 अश्वशक्तींची, चाकें 19 इंचांचीं आणि वजन पाऊण टनाच्या किंचित् वर. एंजिन लहान आणि गाडी हलकी, हें तिचें बळ. मात्र तिचा तळ जमिनीपासून जेमतेम सहा इंच उंच असतो. कच्च्या रस्त्यावरील सारें गणित ह्या सहा इंचांभोंवतीं फिरतें.

ह्या सहा इंचांत काय वांचवावयाचें असतें, तें पाहणें अवश्य आहे. एंजिनाच्या तळाशीं तेल सांठविणारें एक भांडें असतें. गॅरेजमधील मिस्त्री त्याला ‘चेंबर’ म्हणतात. कित्येक जुन्या गाड्यांत हें भांडें ॲल्युमिनियमचें ओतीव असतें, आणि ओतीव धातु दगडाच्या आघातानें वांकत नाहीं, तडकतो. चेंबर फुटलें कीं तेल गळून जातें. तेलाचा दाब नाहींसा होतो. आणि तरीही एंजिन चालूं ठेवलें, तर थोडक्याच वेळांत आंतील बेअरिंगें जळून तें निकामी होतें. ज्या मोटारीचे सुटे भाग सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वींचे, तिच्या बाबतींत ही हानि केवळ पैशांची राहत नाहीं. कारण गेलेली वस्तु पुन्हां मिळेलच, असा भरंवसा नसतो. म्हणून दगडाचा ठणका बसतांच चालकानें प्रथम तेलाच्या दाबाचा कांटा पाहावा, आणि तो खालीं येत असेल तर जागच्या जागीं एंजिन बंद करावें.

आतां जमिनीकडे वळावयाचें. चांदूर बाजार तालुका सातपुड्याच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खोऱ्यांत पसरलेला आहे. उत्तरेस बहिरमच्या बाजूला डोंगराचा पायथा लागतो, आणि तिकडची जमीन गोट्यांची व मुरुमाची आहे. सपाटीवर मात्र कापसाची काळी, खोल माती आहे. ही माती बेसाल्ट दगडाच्या झिजेपासून बनलेली असून तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले म्हणजे आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पावसाबरोबर तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. एकच वाट वर्षांतून तीन रूपें धारण करते, आणि प्रत्येक रूप मोटारीला निराळा प्रश्न घालतें.

पहिलें रूप पावसाळ्याचें. ह्या दिवसांत काळ्या मातीच्या वाटेवर जुनी मोटार नेऊंच नये, हाच एकमेव शहाणपणाचा नियम आहे. माती चाकाला चिकटते, चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्यें ती दाबून बसते, आणि अखेर चाक फिरणेंच थांबतें. बंडीचीं चाकें अशीं जड झालेलीं ज्या शेतकऱ्यानें पाहिलीं आहेत, त्याला हें सांगण्याची गरज नाहीं. वर घसरण अशी, कीं सुकाणूं फिरवावें एका बाजूला आणि गाडी जावी दुसऱ्या. अशा वेळीं शक्ति वाढविल्यानें चाकें जागच्या जागीं फिरून अधिकच खोल रुततात.

दुसरें रूप पाऊस सरल्यानंतरचें. ओल्या मातींत पडलेल्या चाकोऱ्या आतां वाळून विटेसारख्या कठीण झालेल्या असतात. मराठींत ‘चाकोरी’ ह्या शब्दाला सुरक्षित, नेहमींच्या वाटेचा अर्थ आला आहे. बुटक्या मोटारीला मात्र चाकोरीच घातक. पूर्वीं ती बंडीनें पडे, आज ती बहुतांशीं ट्रॅक्टर व ट्रॉली ह्यांनीं पडते, आणि ‘टी. सी.’च्या दोन चाकांमधील अंतर तर अवघें पावणेचार फूट. तिचें एक चाक चाकोरींत उतरलें म्हणजे दुसरें मधल्या उंचवट्यावर चढतें, गाडी कलते आणि तळ घांसला जातो. म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरें वाटेच्या बाहेरील कडेवर ठेवून, चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्यें घेऊन चालावें. उंचवट्यावर पराटीचीं खुंटें किंवा दगड दिसत असतील, तर खालीं उतरून वाट पायीं पाहून यावी. उतरण्यांत कमीपणा मानणारा चालक कच्च्या वाटेला योग्य नव्हे.

तिसरें रूप फुफाट्याचें. फाल्गुनापासून पुढें माती पिठासारखी बारीक होते आणि खालचे दगड झांकून टाकते. हा फुफाटा दोन प्रकारें बाधतो. एक तर खळगा दिसत नाहीं. आणि दुसरें म्हणजे तो हवेबरोबर एंजिनांत शिरून सिलिंडरांना कानशीसारखा घांसतो. जुन्या मोटारींची हवेची गाळणी बहुधा साध्या जाळीची असते. म्हणून ती तेलांत भिजवून बसवावी आणि प्रत्येक फेरीनंतर धुवावी. दोन मोटारी बरोबर निघाल्या असतील, तर मागच्यानें पुढच्याची धूळ पूर्ण बसेपर्यंत अंतर ठेवावें.

मुरुमाच्या रस्त्यावर आणखी एक त्रास असतो. वाहतुकीनें त्याच्यावर कौलांच्या पन्हळींसारख्या आडव्या लाटा उठतात. 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत वाळूच्या थरावर साधें चाक फिरवून पाहिलें असतां, ठराविक वेगाच्या पलीकडे ह्या लाटा आपोआप निर्माण होतात, असें आढळून आलें. आधुनिक उंच मोटारी ह्या लाटांवरून वेगानें तरंगत जातात. परंतु पाट्यांच्या कडक स्प्रिंगांची जुनी गाडी तसें करूं गेली, तर तिचे बोल्ट सैल होतात, टांकीचे टांके उकलतात आणि लांकडी सांगाड्याचे सांधे कुरकुरूं लागतात. तिच्यासाठीं उपाय एकच : वेग कमी करणें. मुक्कामीं पोंचल्यावर चाकांच्या तारा पान्यानें हलकेच वाजवून पाहाव्या. घट्ट तार खणखणते. सैल तार बद्द वाजते.

चालविण्याची रीत ह्या सर्वांवरून ओघानेंच ठरते. ब्रेक वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांना दाबावा. सैल खडीवर वळणांत ब्रेक दाबला तर चाकें थांबतात, पण गाडी थांबत नाहीं. शक्ति मागच्या चाकांना हळूहळू द्यावी. सुकाणूं घट्ट आवळून धरूं नये; पुढच्या चाकांना जमिनीशीं थोडी तडजोड करूं द्यावी. नाल्यावरील रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि त्याचा तळ दिसत नसेल, तर परतावें. पाणी उथळ व संथ असल्यास पहिल्या गिअरमध्यें, लाट न उठवितां जावें. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून दोन-चार वेळां सुकवावा, कारण भिजलेला ब्रेक धरीत नाहीं.

ही कला केवळ सावधगिरीची आहे, वेगाला तिच्यांत स्थानच नाहीं, असेंही नव्हे. 1964 सालीं स्पा-सोफिया-लिएज ह्या युरोपांतील दीर्घ शर्यतींत राउनो आल्टोनेन आणि टोनी अँब्रोज ह्यांनीं ‘ऑस्टिन-हीली 3000’ ही स्पोर्ट्‌स मोटार पहिली आणली. युगोस्लाव्हियांतील त्या वेळच्या खडकाळ, धुळीच्या वाटा ह्या शर्यतींत होत्या. परंतु कारखान्यानें त्या गाड्या जशा विकल्या जात तशा पाठविल्या नव्हत्या. चेंबरखालीं संरक्षक पत्रा बसविला होता आणि धुराची नळी तळाखालून काढून बाजूस घेतली होती. वऱ्हाडांतील शंकरपटाची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. पटावर धांवणारी हलकी गाडी वेगळी आणि बाजाराला कापूस नेणारी बंडी वेगळी. शिवाय पटाची जागा आधीं साफ केलेली असते. वेग हवा असेल तर गाडी आणि वाट ह्या दोहोंची तयारी आधीं हवी. तयारीवांचूनचा वेग म्हणजे निव्वळ नुकसान.

आणखी एक विचार महत्त्वाचा. पांदण रस्ता हा शर्यतीचा आखाडा नसून कामाची वाट आहे. वेंचणीला आलेल्या कापसावर धूळ बसली तर मालाची प्रत घसरते. अनोळखी आवाजानें बैल बुजले तर गाडीवानाचा जीव धोक्यांत येतो. समोरून जनावरें येतांना दिसलीं तर मोटार कडेला घेऊन एंजिन बंद करावें, हा शिष्टाचार नव्हे, कर्तव्यच होय. कायद्याचीही एक मर्यादा आहे. 2021 सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. परंतु अशी नोंद केलेली गाडी नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणें अशा ठराविक कारणांसाठींच ती बाहेर काढतां येते. तेव्हां निघण्यापूर्वीं आपल्या गाडीची नोंद कोणत्या प्रकारची आहे, हें मालकानें पाहून घ्यावें.

इतक्या अडचणी असतील तर अशी मोटार झांकून ठेवणेंच बरें, असें कोणी म्हणेल. परंतु उभी राहिलेली मोटारही सुरक्षित नसते. रबरी भाग वाळतात, टांकींतील पेट्रोल विटतें, ब्रेकला गंज चढतो आणि टायर एकाच जागीं दबतात. शिवाय तिच्या घडणींत सांठविलेलें कारागिरांचें ज्ञान चालण्यांतूनच कळतें. पाऊस संपून वाटा वाळल्यावर, ट्रॅक्टर फिरून गेलेली ओळखीची मुरुमाची वाट निवडून, बैलाच्या दुडक्या चालीहून थोड्याच अधिक वेगानें तिला नेलें, तर ती आजही आपलें काम करते. मुंबई-कोल्हापूरच्या कसोटीनें 1908 सालीं जें मोजलें, तेंच येथेंही मोजावें : किती लवकर पोंचली हें नव्हे, तर धडधाकट पोंचली कीं नाहीं हें. सहा इंचांखालची जमीन ज्यानें ओळखली, त्याची गाडी घरीं परत येते.