ढालीवरचा सह्याद्री

निळ्या ढालीच्या तळाशी घाटाचे डोंगर, त्यांच्यावर उगवता सूर्य आणि वरच्या अंगाला उडणाऱ्या दोन मधमाश्या. ढालीच्या माथ्यावर हिरवी टेकडी, तिथे गव्हाच्या ओंब्यांत उभा असलेला मोर. त्याच्या चोचीतही एक ओंबी. ब्रीद इंग्रजीत, ‘उद्योग आणि औदार्य’ अशा अर्थाचे. मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांचे हे कुलचिन्ह.

इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे असे चिन्ह एकदा माणसाला मिळाले की ते पुढे त्याच्या वंशात चालते. आपल्याकडे शिक्क्याला मान होता. छत्रपती किंवा पेशवा बदलला की मुद्राही नवी घडे. मराठी संस्थानिकांच्या हाती ढालीची चिन्हे आली ती मुख्यतः १८७७ च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने ती आखली आणि सरकारने निशाणांवर काढून वाटली. जमशेटजी मात्र १८५७ मध्येच बॅरोनेट झाले होते. ही वंशपरंपरागत पदवी मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

इंग्रज घराण्यांच्या ढालींवर सिंह आणि तलवारी पुष्कळ. या ढालीवर एकही शस्त्र नाही. मुंबईकराला बंदरापलीकडे पूर्वेला दिसणारे डोंगर आहेत आणि कष्ट करणारे कीटक आहेत. मधमाश्या म्हणजे उद्योग आणि धान्य म्हणजे औदार्य, असे मी हे चिन्ह वाचतो. एका व्यापाऱ्याने आपले घराणे कष्टाच्या खुणेने ओळखले जावे असे मानले, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या कष्टांची हकिगत खरीच आहे. १७८३ चा जन्म, आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केली. त्यावरून ‘बाटलीवाला’ हे नावही चिकटले. मग चीनच्या सफरी सुरू झाल्या. १८०५ मध्ये ते ज्यातून निघाले होते ते ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या कँटन बंदरातल्या व्यापारातली बडी असामी झाला आणि जमशेटजी त्याच्या पेढीचे मुंबईतले मुख्य सहकारी.

या व्यापारात कापूस होता, पण खरा पैसा अफूत होता. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. माळव्यातली, म्हणजे बरीचशी शिंदे-होळकरांच्या मुलखातली, अफू खासगी व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिम किनाऱ्यावर येई आणि जहाजांतून चीनला जाई. चीनच्या बादशहाने तिला बंदी केली होती, त्यामुळे माल किनाऱ्याजवळ चोरून उतरे. त्यावरूनच १८३९ मध्ये युद्ध पेटले. चीनने हार मानून नानकिंगचा तह केला तो १८४२ मध्ये. जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला तेही १८४२ मध्येच. अफूचे बोंड मात्र ढालीवर कुठेही नाही.

देणग्या तर आजही मुंबईच्या रोजच्या बोलण्यात आहेत: जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यालाही त्यांचा पैसा लागला. माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता सरकार बांधेना, तेव्हा पत्नी आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की इथे कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. या घराण्याच्या वारशात मी आवाबाईंची ही अट सर्वांत वर ठेवीन. ढालीवरचा मोर डौलदार आहे, पण खाडी ओलांडून बाजाराला निघालेल्या गरिबाला खरी सोय त्या अटीने झाली.

जमशेटजी १८५९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी खास कायदा झाला आणि पदवी घेणाऱ्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव टाकून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेच नाव धारण करावे असे ठरले. थोरले चिरंजीव खर्शेदजी त्याप्रमाणे दुसरे सर जमशेटजी झाले. चिन्हाबरोबर नावही वारशात देणारी घराणी विरळाच.

जमशेटजींच्या दातृत्वाचे गोडवे गाताना माळव्याच्या अफूबद्दल गप्प बसणे चुकीचे आहे, आणि अफूपुढे इस्पितळ विसरणेही तितकेच चुकीचे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा लिहाल, तर हे चिन्ह छापा आणि त्याच पानावर कँटनचा व्यापारही मुलांना सांगा.