रणगाड्यांचं सोंग

'बॅटल ऑफ द बल्ज' या १९६५ सालच्या हॉलिवूडपटाच्या शेवटाकडे जर्मनांचे 'किंग टायगर' रणगाडे एका उघड्याबोडक्या माळावरून धुरळा उडवत येतात. अंगावर जर्मन क्रूस, समोर पळणारे अमेरिकी सैनिक, कानठळ्या बसवणारी तोफांची सरबत्ती. बहुतेक प्रेक्षकांना यात खटकण्यासारखं काहीच दिसत नाही. रणगाड्यांचं वेड असलेला माणूस मात्र तोफेकडे किंवा क्रूसाकडे बघतच नाही. तो चाकं मोजतो.

खऱ्या किंग टायगरला प्रत्येक बाजूला नऊ आस असतात आणि त्यांवरची मोठाली चाकं एकमेकांवर चढलेली असतात. पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढच्या बाजूला असतं. पडद्यावरच्या रणगाड्याला सहा सुटी चाकं आहेत, पट्ट्याचा वरचा भाग तोलून धरणारे छोटे रूळ आहेत आणि दातेरी चाक मागे आहे. म्हणजे हा अमेरिकी एम-४७ पॅटन. दुसरं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं उलटल्यावर तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. याच चित्रपटात अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांची भूमिका एम-२४ चॅफी या हलक्या रणगाड्याने केली आहे.

हे झालं कसं? चित्रीकरण स्पेनमध्ये झालं आणि रणगाडे पुरवले स्पेनच्या लष्कराने. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको यादवी युद्धात हिटलरच्या मदतीने जिंकला होता. पुढे शीतयुद्धात त्याच फ्रँकोशी अमेरिकेने १९५३ मध्ये करार केला, लष्करी तळांसाठी जागा मिळवली आणि बदल्यात शस्त्रं दिली. त्यात पॅटन आले. हिटलरच्या जुन्या मित्राला अमेरिकेने दिलेले रणगाडे अशा रीतीने अमेरिकी चित्रपटात हिटलरचे रणगाडे म्हणून उभे राहिले. १९४४ सालाबद्दल ते दृश्य धादांत खोटं बोलतं. १९६५ सालच्या युरोपबद्दल मात्र ते नकळत खरी साक्ष देतं, आणि युद्धपटांतल्या चुका शोधण्यातली मजा इथेच आहे. सोंग उतरवलं की आतला बहुरूपी कुठल्या गावचा आहे, ते कळतं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हेच एम-४७ पंजाबात खऱ्या लढाईत उतरले होते. खेमकरण-असल उत्तरच्या परिसरात पाकिस्तानने आणलेले पॅटन भारतीय सैन्याने मोठ्या संख्येने निकामी केले किंवा ताब्यात घेतले. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पॅटन जवळून बघता येतो. चॅफीही तिथे आहे. 'बॅटल ऑफ द बल्ज' पाहून तिथे गेलेल्या माणसाला चित्रपटातले दोन्ही पक्ष एकाच आवारात भेटतात.

पण या चित्रपटाचा खरा अपराध रणगाड्यांचा नाही. बल्जची लढाई १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियम-लक्झेंबर्गमधल्या आर्देनच्या जंगलात सुरू झाली. बर्फ, धुकं आणि झाडी हेच तिथे जर्मनांचे मोठे साथीदार होते. पहिला आठवडाभर खराब हवेमुळे दोस्तांची विमानं जवळपास जमिनीला खिळून होती. २३ डिसेंबरच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि पारडं फिरू लागलं. ही निर्णायक झुंज कोरड्या, उजाड मैदानावर दाखवली की ती लढाईच उरत नाही. दोस्त फौजांचे तेव्हाचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी या चित्रपटाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती, ती उगीच नव्हे.

पाच वर्षांनी 'पॅटन' हा चित्रपट आला, तोही बराचसा स्पेनमध्येच चित्रित झालेला. जनरल जॉर्ज पॅटन १९४५ च्या डिसेंबरमध्ये वारले आणि त्यांचं नाव पुढच्या अमेरिकी रणगाड्यांना दिलं गेलं. त्यामुळे पडद्यावर जनरल पॅटन ज्या जर्मन रणगाड्यांचा धुव्वा उडवतात, ते जर्मन रंगात रंगवलेले पॅटनच आहेत. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

निर्मात्यांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण आकड्यांकडे बघायला हवं. टायगर-१ हा रणगाडा जर्मनीने साधारण १३५० च्या आसपास बनवला, किंग टायगर तर पाचशेही नाहीत. त्यांतले बहुतेक रणांगणात जळाले किंवा भंगारात वितळले. उलट सोव्हिएत टी-३४ युद्धात आणि युद्धानंतर मिळून ऐंशी हजारांच्या घरात तयार झाले आणि पूर्व युरोपभर पसरले. चालू स्थितीतला टायगर सहसा मिळणार नाही. टी-३४ मात्र कुठल्याशा छावणीत हमखास उभा असणार.

'केलीज हीरोज' (१९७०) या विनोदी युद्धपटाने म्हणूनच युगोस्लाव्हिया गाठला. १९४८ मध्ये तिथला नेता टिटो आणि सोव्हिएत नेता स्टालिन यांचं फाटलं आणि त्यानंतर अमेरिकेने टिटोच्या लष्कराला शर्मन दिले. सोव्हिएत टी-३४ होतेच. दोन्ही छावण्यांचे रणगाडे एकाच लष्कराकडे असणं ही निर्मात्यांसाठी पर्वणी होती. चित्रपटातले शर्मन खरे आहेत. टायगर मात्र टी-३४ वर चौकोनी पत्र्याचा साज चढवून केलेले आहेत, आणि तेही इतक्या मेहनतीने की बुरुजापर्यंत नजर फसते. खाली आलं की टी-३४ ची पाच मोठी सुटी चाकं दिसतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकातलं अंतर जरा जास्त, दातेरी चाक मागे. टायगरला आठ आस आणि एकात एक गुंतलेली चाकं. वरचं अंग लोखंडी पत्र्याने, लाकडाने, रंगाने बदलता येतं. चाकं, आस आणि पट्टा बदलायचे तर नवा रणगाडाच बांधावा लागेल. पारखी माणूस खालून वर बघत जातो, तो यामुळे.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधले टायगरही टी-३४ च्या सांगाड्यावर उभे आहेत, आणि घडवणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं. तिथे अडचण वेगळी आहे: ते मुळात तिथे असायला नकोत. नॉर्मंडीत टायगर होते, पण ते मुख्यतः ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांसमोर. अमेरिकी सैनिकाला तिथे भेटण्याची शक्यता होती ती पँझर-४ सारख्या साध्यासुध्या रणगाड्याची. खुद्द त्या काळातही घाबरलेल्या सैनिकाला प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच वाटायचा, त्यामुळे दिग्दर्शकाला फार दोष देता येत नाही. तरी चुकांची ही जात जास्त फसवी आहे. चुकीचं चाक डोळ्यांना दिसतं. चुकीच्या गावात उभा असलेला बरोबर रणगाडा दिसत नाही. शेवटी आभाळातून येऊन सुटका करणारी पी-५१ मस्टँग विमानंही अशीच. जमिनीवरच्या रणगाड्यांवर तुटून पडण्याचं ते काम पी-४७ थंडरबोल्टला जास्त शोभलं असतं.

मग 'फ्यूरी' (२०१४) आला आणि त्यात अस्सल टायगर चालला. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला हा 'टायगर १३१' ब्रिटिशांनी १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात पकडला होता. पारख्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच दुसरी भिंगं काढली. चित्रपट घडतो एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनीत. हा टायगर मात्र सुरुवातीच्या घडणीचा आहे: बुरुजावर उंच, पिंपासारखी टेहळणी टोपी आणि रबरी कडांची चाकं. उशिराच्या टायगरला टोपी बुटकी आणि चाकं पोलादी कडांची. नायकाचा शर्मनही थोडा घोटाळ्याचाच. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी तुकडीकडे पेट्रोलवर चालणारा एम-४ए-३ शोभला असता. पडद्यावर आहे तो डिझेलवाला एम-४ए-२. इतक्या बारीक चुकीवर आक्षेप घेणाऱ्याला खरंतर चित्रपट आवडलेला असतो.

आकाशातली सोंगं तर आणखी मजेदार. 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) साठी जर्मन मेसरश्मिट-१०९ विमानांचे थवे हवे होते आणि ते पुन्हा स्पेननेच पुरवले. स्पेनने युद्धकाळात या विमानाचा परवाना घेतला होता, पण जर्मन इंजिनं यायची बंद झाली. अखेर त्या सांगाड्यात ब्रिटनचं रोल्स-रॉइस मर्लिन बसवलं गेलं. हेच इंजिन ब्रिटिश स्पिटफायरमध्येही होतं. या स्पॅनिश विमानाचं लाडकं नाव 'बुचोन'. चित्रपटात स्पिटफायर आणि मेसरश्मिट एकमेकांच्या जिवावर उठतात तेव्हा दोघांच्या नाकात एकाच घराण्याचं इंजिन घरघरत असतं. हाइंकेल बॉम्बफेकी विमानंही स्पॅनिश बनावटीची आणि मर्लिनवाली.

बुचोन ओळखायला सोपं आहे. जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला यायची. मर्लिन सुलटं बसतं, म्हणून नळ्या वरच्या अंगाला आणि नाकाखाली हनुवटीसारखा फुगवटा. क्रिस्तोफर नोलनच्या 'डंकर्क' (२०१७) मध्येही जर्मन विमानांची भूमिका बुचोननेच केली. तिथे नाकं पिवळी रंगवली आहेत. डंकर्कची माघार मे-जून १९४० मधली. जर्मनांचा तो पिवळा रंग नंतरचा. नोलनला हे ठाऊक होतं. वेगाने फिरणाऱ्या विमानांत शत्रू कोण हे प्रेक्षकाला पटकन कळावं म्हणून त्याने ते जाणूनबुजून केलं. या चुकीला माफी द्यायला हरकत नाही. 'पर्ल हार्बर' (२००१) ला ती सवलत देणं अवघड. डिसेंबर १९४१ मधली जपानी झिरो विमानं फिकट राखाडी होती, ती तिथे हिरवी झाली. बॉम्बहल्ल्यात उडवलेल्या जहाजांत युद्धानंतर कित्येक वर्षांनी बांधलेल्या युद्धनौकाही आहेत.

हिंदी चित्रपटांत हीच पारख करायची तर सुरुवात जीपपासून करावी. महायुद्धातल्या विलीज जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात, आणि दिवे मोठे. आपल्याकडे महिंद्राने १९४७ नंतर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यांचं पुढे सर्वात ओळखीचं झालेलं, उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल मात्र मूळ अमेरिकेतच १९५३ मध्ये आलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर किंवा १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात उंच बॉनेटची जीप दिसली, तर ती भाड्याने आणलेली आहे असं खुशाल समजावं. जबलपूरची जोंगा ही लष्करी गाडी १९६९ पासूनची, शक्तिमान ट्रक पन्नाशीच्या दशकाच्या अखेरचा आणि जिप्सी ऐंशीच्या दशकातली. १९७१ च्या जवानाच्या हातात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल हवी. आरपार गोळ्या दिसणारं प्लास्टिकचं मॅगझिन दिसलं की ती इन्सास, म्हणजे नव्वदच्या दशकातली रायफल.

रणगाड्यांच्या बाबतीत मात्र भारतीय निर्मात्याचं नशीब बरं. १९७१ मध्ये लोंगेवालावर पाकिस्तानने आणलेल्या रणगाड्यांत चिनी टी-५९ होते. तो सोव्हिएत टी-५४ चीच चिनी नक्कल, आणि भारतीय लष्कराकडे त्याच घरातले टी-५५ होते. सांगाडा तोच, पाच चाकं तीच, पहिल्या-दुसऱ्या चाकातलं मोठं अंतरही तेच. फरक तोफेत सापडतो. भारताने पुढे आपल्या टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. तिच्या नळीवरचा, धूर बाहेर काढणारा फुगवटा मध्यावर असतो. टी-५९ च्या १०० मिलिमीटरच्या नळीवर तो अगदी टोकाला. पडद्यावरच्या 'पाकिस्तानी' रणगाड्याच्या नळीच्या मध्यावर फुगवटा दिसला, की तो कुठल्या लष्कराकडून आला हे सांगायला श्रेयनामावली बघावी लागत नाही.

'पिप्पा' (२०२३) मध्ये निर्मात्यांनी ही पळवाट घेतली नाही. नोव्हेंबर १९७१ मधल्या गरीबपूरच्या लढाईत भारताच्या पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानच्या चॅफींना गाठलं, त्याची ही गोष्ट, आणि तिच्यासाठी खरा पीटी-७६ वापरला गेला. हा रणगाडा पाण्यावर तरंगतो. सैनिक त्याला तुपाच्या पिंपावरून 'पिप्पा' म्हणत. तो नदीत शिरण्याआधी पुढच्या बाजूची लोखंडी फळी उभी करावी लागते, नाहीतर लाट नाकावरून चढते. पाण्यात त्याला पट्टे नव्हेत, तर मागच्या दोन भोकांतून सुटणारे पाण्याचे झोत ढकलतात. ओटीटीवर चित्रपट मागेपुढे करता येतो, त्यामुळे पाण्यातलं दृश्य लागलं की फळी उभी आहे का आणि मागचं पाणी कुठून उसळतंय, हे सावकाश तपासून बघता येईल.